विंडो भेटली का रे?

कल्याणहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेला एक पोरगा फोनवर मित्राला सांगत असतो, ‘भावा, कर्जत मिस झाली रे. मग रिटर्न मारली, पण विंडो भेटली.’ डब्यात कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला या वाक्यातलं अक्षर अन् अक्षर कळतं.

ज्यांना हा पट्टा परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सकाळच्या वेळी डोंबिवलीला गाडीत चढायला मिळणं हीच मोठी गोष्ट, बसायला मिळणं तर फार दूर. म्हणून पुष्कळ जण मुंबईकडे जायचं असूनही आधी उलट दिशेची गाडी पकडतात. जी लोकल कल्याणला पोचून परत फिरणार, तिच्यात जागा धरून बसतात आणि त्याच गाडीने, बसल्या जागी, आपल्याच स्टेशनावरून पुन्हा पुढे जातात. याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. डोंबिवलीला चढणारे आणि रिटर्नवाले यांच्यातली कुरबुर रोजची आहे, आणि ती ज्या भाषेत चालते तीही हीच.

आता खिडकीतल्या त्या पोराचं वाक्य जवळून पाहा. ‘कर्जत आलं’ म्हटलं तर गाव आलं. ‘कर्जत आली’ म्हटलं तर गाडी आली. इथल्या फलाटांवर ‘कसारा गेली’, ‘टिटवाळा लागलीये’, ‘ठाणे स्लो चुकली’ असं सर्रास बोललं जातं, आणि गावांची नावं गाडीचं लिंग घेऊन चालतात. विंडो स्त्रीलिंगी, कारण खिडकी स्त्रीलिंगी. रिटर्न मारली, कारण चक्कर मारतात, फेरी मारतात. कॉलेजात एखादा विषय राहिला की ‘केटी लागते’. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या विद्यापीठाच्या सवलतीची ती आद्याक्षरं. दोन विषय राहिले तर ‘दोन केट्या’. केटीचं अनेकवचन केट्या असं कुठल्याही वर्गात कुणी शिकवत नाही. पाटी-पाट्या, काठी-काठ्या जिभेवर घट्ट बसलेल्या असल्याशिवाय ते तोंडातून निघणार नाही.

म्हणून या बोलीला मराठीची मोडतोड म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. शब्द इंग्रजीतून आले, हिंदीतून आले, गुजरातीतून आले. पण त्यांना लिंग, वचन, प्रत्यय लावणारी यंत्रणा मराठीच राहिली. या पट्ट्यातली पोरं परक्या शब्दांना रोज मराठीत दाखल करून घेतात आणि त्याबद्दल त्यांची पाठ कुणी थोपटत नाही. उलट बोलणीच खावी लागतात.

ही बोली इथेच का फोफावली, हे रेल्वेचा नकाशा पाहिला की समजतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला भिडले. तिथून एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. त्यामुळे खानदेशातून येणारा माणूस आणि देशावरून येणारा माणूस कल्याणला एकाच पुलावर आला. १९४९ साली शेजारी उल्हासनगर वसलं, फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांचं. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशातले मोमीन आणि तेलंगणातले पद्मशाली आले. १९८२च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं स्वस्त जागेच्या शोधात दिवा, डोंबिवली, बदलापूरपर्यंत सरकत गेली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंब्र्याची वस्ती झपाट्याने वाढली. गिरगाव-दादरची मध्यमवर्गीय मराठी घरं तर त्याआधीपासून डोंबिवलीत येत होती.

एवढी माणसं एका डब्यात कोंबली की एकमेकांचे शब्द लागणारच. ‘वांदा’ आणि ‘लोचा’ गुजरातीतून आले, ‘पंटर’ इंग्रजी सट्टेबाजीतून, ‘मवाली’ अरबी-उर्दूच्या वाटेने. ‘विषय हार्ड’ आणि ‘नाद खुळा’ कोल्हापूरकडून रील्समधून आले आणि आता कल्याणच्या नाक्यावर ते बाहेरचे वाटत नाहीत. कोल्हापूरच्या पोराने ‘विषय’ला ‘हार्ड’ जोडलं आणि कसलाही खुलासा न करता ते महाराष्ट्रभर कळलं. अशी नेमकी जोडणी कुठलंही परिभाषा मंडळ करू शकत नाही.

आता फडके रोडवर या. नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीचं तरुण जग तिथे लोटतं. अभ्यंगस्नान उरकून, गणेश मंदिरात दर्शन घेऊन, नवे कुर्ते घालून, आईच्या कपाटातल्या साड्या नेसून शाळा-कॉलेजचे जुने ग्रुप पुन्हा एकत्र येतात. ठाण्यात हाच मेळा राम मारुती रोड आणि मासुंदा तलावाच्या काठी भरतो. १९९९ साली डोंबिवलीने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती पुढे महाराष्ट्रभर गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. दिवाळी पहाटेचा हा मेळा मात्र कुणी पत्रिका काढून भरवलेला नाही, तो पोरांनी आपला आपण भरवला. तिथे कान देऊन उभं राहावं. ‘काय वाढीव दिसतोयस!’, ‘ब्रो, कुर्ता एक नंबर’, ‘मला स्टोरीला टॅग कर ना यार’, ‘तू मला सीनला सोडलंस ना परवा, आता बोलू नको’. संदेश वाचूनही उत्तर न देण्याला ‘सीनला सोडणं’ म्हणतात. वाऱ्यावर सोडणं ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ विचारावा लागत नाही.

त्याच रस्त्याच्या कडेला याच पोरांचे आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी उभे असतात आणि कानांवर हात ठेवतात. त्यांची तक्रार मी खूपदा ऐकली आहे आणि ती वरवरची नाही. डोंबिवली हे लेखकांचं गाव. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथलेच. २०१७च्या फेब्रुवारीत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, आणि त्याआधी २०१०च्या डिसेंबरात ८४वं ठाण्यात. ज्या घरांत शुद्ध बोलणं हा संस्काराचा भाग होता, त्या घरांतली नात ‘पेन भेटलं’ म्हणते तेव्हा आजीला खरंच लागतं. माणूस भेटतो, वस्तू मिळते. हा भेद मराठीने जपला होता. ‘तो म्हणाला’च्या जागी ‘तो बोलला’ आलं. मुली ‘मी गेले’ऐवजी ‘मी गेली’, ‘मी बोलले’ऐवजी ‘मी बोलली’ म्हणू लागल्या.

या शेवटच्या उदाहरणापाशी मी थांबतो, कारण ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं. ‘विंडो भेटली’मध्ये इंग्रजीने शब्द दिला आणि मराठीने त्याला बांधलं. ‘मी गेली’मध्ये हिंदीने थेट बांधणीला हात घातला. बाई स्वतःबद्दल बोलताना वापरते तो खास मराठी प्रत्यय तिथे गळून पडतो. इथे आजीची काळजी खरी आहे, आणि ती नातीला टोमणा मारून मिटणार नाही. त्या वयाच्या मुलींना आवडतील अशी गाणी, मालिका, गोष्टी ‘मी गेले’ म्हणणाऱ्या मराठीत किती आहेत, हे आधी बघायला हवं. त्याहून मोठी काळजी मला लिपीची वाटते. इंग्रजी शाळांत शिकलेली कितीतरी मराठी पोरं दिवसभर एकमेकांशी मराठीतच गप्पा मारतात, पण फोनवर ती मराठी रोमन अक्षरांत टंकतात. बोलायला मराठी आहे, लिहायला नाही. वादात मात्र सगळा जोर ‘भेटलं’ आणि ‘मिळालं’वर जातो.

हीच भांडणं जगात दुसरीकडेही चालू आहेत, आणि त्यातलं एक गाव आपल्याला फार जवळचं आहे. केनियाची राजधानी नैरोबी हेही रेल्वेनेच जन्माला घातलेलं शहर. मोम्बासाहून आत निघालेल्या युगांडा रेल्वेचा तळ म्हणून १८९९ साली ते वसलं, आणि ते रूळ टाकायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते. त्या शहराच्या पूर्वेकडच्या ईस्टलँड्स या कष्टकरी वस्त्यांत, देशभरातल्या जमातींची माणसं शेजारी शेजारी राहू लागली आणि त्यांच्या मुलांनी एक बोली घडवली. तिचं नाव शेंग. स्वाहिलीचा सांगाडा, त्यावर इंग्रजीचे आणि गिकुयू, लुओ, लुह्या अशा कितीतरी भाषांचे शब्द. ‘मी तुला फोन करीन’ हे तिथला पोरगा ‘नि-ता-कु-कॉल’ असं म्हणतो: नि म्हणजे मी, ता हा भविष्यकाळाचा, कु म्हणजे तुला, आणि शेवटी इंग्रजी ‘कॉल’. आपल्या केट्यांसारखंच आहे हे. क्रियापद आणलेलं, व्याकरण घरचं.

नैरोबीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या खाजगी मिनीबसना मतातू म्हणतात. अंगभर रंगवलेल्या, आत मोठ्याने गाणी लावलेल्या या गाड्यांच्या कंडक्टरांनी शेंग वस्तीवस्तीत पोचवली. आपल्याकडे जे काम लोकलच्या डब्याने केलं, ते तिथे मतातूने. तिथल्या शाळांमधूनही तक्रार तीच: परीक्षेत स्वाहिली आणि इंग्रजीचे गुण घसरले की बोट शेंगकडे वळतं. पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. शेंगमध्ये बोलणारं ‘घेटो रेडिओ’ नावाचं केंद्र नैरोबीत उभं राहिलं. कंपन्यांनी जाहिराती केल्या. आणि २०१० साली ‘शुजाज’ नावाचं कॉमिक निघालं, पूर्ण शेंगमध्ये. त्याचा नायक बॉयी हा पोरगा घरातून चोरून रेडिओ चालवतो, आणि त्याच्या व त्याच्या दोस्तांच्या गोष्टींतून कोंबड्या कशा पाळाव्यात, बियाणं कसं जपावं, चार पैसे कसे कमवावेत हे वाचकाला कळत जातं. दैनिकाबरोबर आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या टपऱ्यांवर ते फुकट वाटलं गेलं. २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तरुणांची भाषा बिघडली म्हणून रडत बसण्यापेक्षा त्या भाषेत त्यांच्या पोटापाण्याचं काहीतरी लिहावं, असं तिथल्या काही जाणत्या माणसांना वाटलं. मराठीत हे अजून कुणाला सुचलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मराठी साहित्याने रस्त्याची भाषा कधीच घेतली नाही असं नाही. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ साली आली तेव्हा चाळीच्या नाक्यावरच्या पोरांची बोली छापल्याबद्दल केवढा गदारोळ उठला होता. १९७२च्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्याचे शब्द कवितेत असे आणले की अभ्यासकांनाही अर्थ विचारत फिरावं लागलं. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या बंबय्या बोलीत कविता लिहिल्या. पण हे सगळं मुंबई शहरातलं. ठाण्याच्या खाडीपलीकडे सरकलेल्या मराठी माणसाचं जगणं छापील मराठीत आलं ते बहुतांशी प्रमाणभाषेत. निशिकांत कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’ने २००५ साली इथल्या माणसाचा संताप पडद्यावर आणला, फलाटावरच्या पोरांची जीभ मात्र पुस्तकात यायची राहिलीच आहे.

आणि जी जीभ या मातीतली सगळ्यात जुनी, तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. डोंबिवली म्हणजे सदाशिव पेठेची धाकटी बहीण, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्टेशनापासून थोडं लांब जावं. भोपर, नांदिवली, गोळवली, सोनारपाडा, मानपाडा. ही आगरी गावं. मिठागरं आणि भाताची खाचरं राखणारा हा समाज, आगर शब्दावरून आगरी. यातली २७ गावं आधी महापालिकेत घेतली, मग वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली. या ओढाताणीत गावकऱ्यांना काय हवं होतं ते कितपत ऐकलं गेलं, हा वेगळा लेख होईल. खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. निळज्याच्या बाजूला पलावासारखी नगरं आली, तिथल्या लिफ्टमध्ये हिंदी-इंग्रजीच जास्त ऐकू येते. त्यांच्या कुंपणालगतच्या गावात म्हातारी अजून ‘गारी आली का?’ म्हणून विचारते.

आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो: गाडीची गारी, वड्याचा वरा. ‘ळ’चा ‘ल’ होतो: हळद ती हलद, काळा तो काला. ‘ण’चा ‘न’: पाणी ते पानी. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा १९०५ साली निघालेला सातवा खंड संपूर्ण मराठीचा आहे, त्यात आगरीची नोंद आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याला जी बोली लिहून ठेवण्याजोगी वाटली, ती आपल्या शाळांत मात्र चूक म्हणून लाल शाईने खोडली गेली. आगरी मुलगा वर्गात ‘पानी’ म्हणाला की वर्ग हसायचा. कित्येक मुलं त्यामुळे गप्प बसायला शिकली, आणि बाहेर गेल्यावर घरच्या बोलीत आईला हाक मारायलाही बिचकू लागली. ‘भेटलं-मिळालं’च्या वादात शुद्धतेचा कैवार घेणाऱ्यांनी या हसण्याचाही हिशेब मांडायला हवा.

जाता जाता एक गंमत सांगतो: हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेलेल्या गाडीला स्वाहिलीत ‘गारी’च म्हणतात. भोपरची म्हातारी आणि नैरोबीचा मतातू कंडक्टर या एका शब्दापुरते तरी एकमेकांना समजतील.

आगरीचं नशीब पालटलं ते हळदीच्या मांडवात. आगरी लग्नात हळदीची रात्र हा लग्नाइतकाच, कधी त्याहून मोठा सोहळा. पूर्वी धवलारीण यायची. लग्नाचे विधी ती गाण्यांनी, धवले म्हणत पार पाडायची. तिच्या शेजारी आधी बेंजो आला, मग डीजे. आगरी-कोळी गीतांच्या कॅसेट निघाल्या, सीडी निघाल्या, मग यूट्यूब आलं. भिवंडीचे गायक संतोष चौधरी ‘दादूस’ या नावानेच घराघरांत पोचले. २०२१ साली ते ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वातही होते. विनायक माळी याने आगरी बोलीतल्या विनोदी व्हिडिओंनी मोठा प्रेक्षकवर्ग उभा केला. आणि बघता बघता ‘दादूस’ हा मोठ्या भावाला हाक मारायचा आगरी शब्द ठाण्या-डोंबिवलीच्या सगळ्या पोरांचा झाला. नौपाड्यातला, रामनगरातला मुलगा मित्राला ‘काय दादूस’ म्हणतो. ज्या घरांत पूर्वी आगरी बोलीची नक्कल चेष्टेसाठी व्हायची, त्या घरांतल्या लग्नांत आता आगरी गाण्यावर वऱ्हाड नाचतं.

याचा मला मनापासून आनंद आहे, पण तो पुरा नाही. गाण्यापुरती आणि हसण्यापुरती आगरी सगळ्यांना चालते. बातमी देणारी, कविता लिहिणारी, वर्गात उत्तर देणारी आगरी अजून चालत नाही. दादूस हा शब्द उचलणाऱ्या पोरांना भोपरच्या जमिनीचं काय झालं हे माहीत नसतं. शब्द शहरात आला, तो बोलणारा माणूस अजून वेशीवर उभा आहे. मी ठाण्या-कल्याणच्या तरुण बोलीच्या बाजूने बोलतो त्यामागचं मुख्य कारण हेच आहे. प्रमाण मराठीने ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांना या बोलीने निदान शब्दांपुरतं तरी आत घेतलं.

रॅपमध्ये हे पुढे गेलेलं दिसतं. २०१५ साली डिव्हाईन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं, २०१९ साली झोया अख्तरचा ‘गली बॉय’, आणि अंधेरी-कुर्ल्याच्या गल्ल्यांतली बोली देशभर गेली. ती हिंदीकडे झुकलेली होती. पण त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मंडळीने आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. अमरावतीकडचा ‘१०० आरबीएच’ मराठीत रॅप करू लागला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन तिथली मिश्र बोली घेऊन २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकला. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांच्या ‘तांबडी चामडी’वर मराठी न कळणारी माणसंही नाचली. आता कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगरची पोरं खोलीत गादी भिंतीला टेकवून, फोनवर आवाज मुद्रित करून गाणी टाकतात. त्यांतली पुष्कळ कच्ची असतात. पण ‘आपल्या स्टेशनाचं नाव गाण्यात आलं पाहिजे’ हा त्यांचा हट्ट असतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

या बोलीची ताकद किती आहे हे अंबरनाथनेच दाखवून दिलं. मुंबईच्या गुन्हेगारी जगात लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणत. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांनी आणि गँगवॉरच्या सिनेमांनी हे शब्द घरोघर नेले. जून २०२२मध्ये ठाण्याचे एकनाथ शिंदे यांचं बंड झालं, ते मुख्यमंत्री झाले, आणि ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधी आमदार विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा देऊ लागले. बंडखोरांनी पैसे घेतल्याचा हा आरोप खरा की खोटा हा राजकारणाचा भाग. सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला. पण घोषणेची भाषा बघा. गल्लीतला खोका, इंग्रजी ओके, मराठी यमक. त्याच बंडातल्या शहाजीबापू पाटलांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ही ‘ओके’वरच येऊन थांबलं होतं. पुढे एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरने खोक्यांवर गाणं केलं आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात. नाक्यावरचा शब्द गाण्यात गेला आणि गाण्यातून पोलिसांच्या नोंदवहीत. जी बोली नुसती टवाळकी आहे तिच्या वाट्याला हे येत नाही.

केनियात २००२ साली असंच घडलं होतं. गिडी गिडी माजी माजी या जोडगोळीने ‘अनबोगेबल’ नावाचं गाणं केलं. लुओ भाषेतल्या घाबरवणे या क्रियापदाला पुढून इंग्रजी ‘अन’ आणि मागून ‘एबल’ जोडलं: ज्याला घाबरवता येत नाही तो. मवाई किबाकी यांच्या आघाडीने ते प्रचारात घेतलं आणि स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला कानू पक्ष त्या निवडणुकीत पडला. गाण्यामुळे पडला असं कुणी म्हणणार नाही. पण लोकांना जे म्हणायचं होतं त्याला शब्द सापडला तो तिथल्या पोरांच्या तोंडचा.

या बोलीतली घाण झाकून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. मुलीला ‘माल’, ‘आयटम’, ‘सामान’ म्हणणारी हीच बोली. उत्तर भारतीय माणसाला उद्देशून ‘भैया’ हा शब्द कसल्या सुरात उच्चारला जातो ते डब्यात रोज ऐकू येतं, आणि मुंबईच्या इंग्रजी वर्तुळांत कष्टकरी मराठी माणसाला ‘घाटी’ म्हणतात तोही सूर तोच. नाका हा पोरांचा असतो, मुलींना तिथे उभं राहायची मुभा नसते. म्हणून नाक्यावर घडलेल्या भाषेत मुलगी कायम बघण्याची वस्तू राहते. लेडीज डब्यात याच्या शेजारी दुसरीच बोली तयार होते. चौथ्या सीटसाठीची घासाघीस, ‘कुठे उतरणार?’ या एका प्रश्नावर ठरणारे जागेचे करार, भाजी निवडता निवडता सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांना पडलेली टोपणनावं. ती कुणी ऐकून लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. लिहिलं तर ते एखाद्या बाईनेच लिहावं, आणि लवकर.

भाषेचे वाद मात्र आपल्याकडे मोठमोठे होतात. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने शाळांत पहिलीपासून हिंदी आणली, आणि गदारोळानंतर जूनअखेर ती मागे घेतली गेली. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात, ३ तारखेला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. दोन्ही वेळा भाषेवर भरपूर बोलणं झालं. अभिजातच्या आनंदात शिलालेख आणि ताम्रपट आले, हिंदीच्या वादात अस्मिता आली. अठरा वर्षांची पोरं मराठीत काय बोलतात, हा प्रश्न दोन्हीकडे कुणाच्या डोक्यात आला नाही. मराठी टिकणार ती त्यांच्या तोंडात, आणि त्यांच्या तोंडाची आपल्याकडे नोंदच नाही. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आहे, राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेजने बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. ही कामं फार मोलाची आहेत. त्यांना जोडून शहरातल्या या रोज बदलणाऱ्या बोलीकडेही वळायला हवं. ठाण्याचं जोशी-बेडेकर, डोंबिवलीचं पेंढरकर, कल्याणचं बिर्ला कॉलेज, इथल्या मराठी विभागांनी एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नाक्यावरचे, डब्यातले, घरातले शब्द लिहून आणावेत: शब्द, वाक्य, कुणाच्या तोंडी ऐकला, कुठल्या स्टेशनाजवळ. गुण त्यालाही द्यावेत. आगरी मुलांनी आजीकडून आणावेत, उल्हासनगरच्या मुलांनी सिंधी आजोबांकडून.

घाई करायला हवी, कारण हे शब्द फार लवकर म्हातारे होतात. ‘सॉलिड’ आणि ‘झकास’ आता चाळिशीपलीकडच्यांच्या तोंडी उरले. त्यांच्याही आधी, १९७०-७५च्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर कॉलेजची पोरं एकमेकांना कशा हाका मारत, चुकलेल्या गाडीला काय म्हणत, परीक्षेत नापास झालेल्याला काय म्हणत, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते सांगू शकणारी माणसं आज सत्तरीत आहेत. संध्याकाळी ती फडके रोडच्या बाकांवर आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलेली असतात, आणि विचारलं तर भरभरून सांगतात.